अपस्मारावरील औषध आणि घटणारे वजन



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांना आपण सारे नुसते ‘गुरुजी’ म्हणत असू. उदयनगरच्या या शाळेत त्यांनी आम्हांला विज्ञान शिकविले. प्रयोगाच्या टेबलावर एक जुना तराजू असे, आणि कोणी घाईने उत्तर दिले की गुरुजी त्या तराजूकडे बोट दाखवून म्हणत, “आधी तोल, मग बोल.” हा धडा वैद्यकीच्या व्यवसायात मी एकदा विसरलो, आणि त्याची किंमत माझ्या एका रुग्णाला मोजावी लागली. आजचा विषय मी त्या प्रसंगामुळेच निवडला आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जंगलपट्टीतील एका खेड्यातला विशीतला शेतकरी तरुण माझ्याकडे आला. त्याला लहानपणापासून फेफरे येत असे. जुन्या औषधाने झटके पूर्ण थांबत नव्हते, म्हणून मी त्याला टोपिरामेट नावाचे औषध जोडून दिले. चार महिन्यांत झटके थांबले. मला समाधान वाटले. मात्र त्याच काळात त्याचे बावन्न किलो वजन शेहेचाळिसावर आले होते, आणि हे मला ठाऊकच नव्हते. कारण औषध सुरू करताना मी त्याचे वजन घेतले नव्हते आणि ‘भूक कमी होईल, वजन उतरेल’ असे एका शब्दानेही सांगितले नव्हते. बावन्नचा आकडा नंतर गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या वहीत सापडला. पोराच्या गालाची हाडे दिसू लागली तेव्हा घरच्यांनी स्वतःच निदान केले : क्षय. आपल्या भागात वाळत चाललेल्या माणसाला दुसरे नाव नसते. ‘मिर्गीच्या गोळीने अंगातली ताकद खाल्ली’ असेही कोणी सुचविले. एके दिवशी गोळ्या एकदम बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याला लागोपाठ झटके आले. पहिला झटका शेतातल्या विहिरीच्या काठावर आला. सुदैवाने तो आत न पडता बाहेरच्या दगडावर पडला. गळपट्टीचे हाड मोडले, पण जीव वाचला. पुढे थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला. क्षय नव्हताच.

याच सुमारास एका सुखवस्तू घरातल्या वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या भाचीला अर्धशिशीसाठी हीच गोळी चालू होती आणि ती बारीक झाली होती. “भाऊ, ती बारीक होण्याची गोळी मलाही लिहून द्या की,” असे त्या अगदी सहज म्हणाल्या. एकाच औषधाच्या एकाच गुणाला एका घरात लोक घाबरले होते आणि दुसऱ्या घरात भुलले होते. गोळी शरीरात नेमके काय करते हे मात्र दोन्ही घरांना कोणी सांगितले नव्हते. ते आज सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

फेफरे म्हणजे काय?

मेंदूतील कोट्यवधी पेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांनी एकमेकींशी बोलत असतात. काही पेशींना उत्तेजित करणारी रसायने असतात, त्यांत ग्लुटामेट हे मुख्य. शांत करणारी असतात, त्यांत गाबा हे मुख्य. या दोहोंचा तोल गेला आणि पेशींचा मोठा समूह एकाच वेळी, एकाच तालात विद्युत्स्फोट करू लागला की झटका येतो. चरकसंहितेत या विकाराला ‘अपस्मार’ म्हटले आहे. स्मृती दूर जाणे असा त्याचा अर्थ. देवाचा कोप, बाहेरची बाधा यांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि जोडा किंवा कांदा हुंगवल्याने तो थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. श्रेय मात्र जोड्याला मिळते.

औषधांचा इतिहास फार जुना नाही. इ. स. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग नमूद केला. १९१२ साली जर्मनीत हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोनचा गुण दाखविला. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये व्हॅल्प्रोएट आले. ही सारी औषधे मेंदूला शांत करतात. परंतु मेंदू हेच भुकेचेही कार्यालय असल्यामुळे त्यांचा परिणाम ताटापर्यंत पोहोचतो. व्हॅल्प्रोएट, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांनी अनेकांचे वजन वाढते. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटॅम आणि फेनिटॉइन यांनी सहसा फारसा फरक पडत नाही. टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही मात्र वजन घटविणारी औषधे आहेत. तेव्हा ‘मिर्गीच्या गोळीने माणूस वाळतो’ किंवा ‘मिर्गीच्या गोळीने माणूस फुगतो’ ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. कोणती गोळी, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

साखरेपासून निघालेले औषध

टोपिरामेटच्या जन्माची हकीकत मनोरंजक आहे. १९७९ साली अमेरिकेतील मॅकनील या औषध-कंपनीच्या प्रयोगशाळेत ब्रूस मॅरिॲनॉफ हे रसायनशास्त्रज्ञ मधुमेहावरील औषधाच्या शोधात होते. यकृतात नवी साखर तयार करणाऱ्या एका विकराला रोखता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी फ्रुक्टोजपासून, म्हणजे फळांत आणि मधात असणाऱ्या साखरेपासून, काही संयुगे बनविली. त्यांतले एक संयुग प्राण्यांमध्ये झटके रोखते असे दिसून आले. पुढे १९९५ साली ब्रिटनमध्ये आणि १९९६ अखेर अमेरिकेत ते अपस्मारासाठी मान्य झाले. २००४ साली अमेरिकेत अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठीही मान्यता मिळाली. मधुमेहासाठी निघालेली वाट अपस्मारापाशी पोहोचली, आणि अपस्माराच्या रुग्णांचे वजन उतरू लागले तेव्हा ती पुन्हा पचन-चयापचयाच्या प्रश्नाकडे वळली.

हे औषध एका हाताने काम करीत नाही. पेशीतील सोडियमच्या वाटा ते आवळते, गाबाचा शांत करणारा परिणाम वाढविते, ग्लुटामेटच्या काही ग्राहकांना अडविते, आणि कार्बॉनिक अॅनहायड्रेज नावाच्या विकराला काहीसे मंदावते. वजनाची गोष्ट समजण्यासाठी यांतील शेवटच्या दोन क्रिया ध्यानात ठेवाव्यात.

वजन उतरते कसे?

पहिले कारण भूक. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. भूक, तहान, शरीराचे तापमान यांचा हिशेब तेथे ठेवला जातो. या भागाच्या बाजूच्या पट्ट्यात ग्लुटामेट टोचले असता पोट भरलेला उंदीरही खाऊ लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. टोपिरामेट ग्लुटामेटचे काही दरवाजे बंद करते. म्हणून ‘खा’ असा हुकूम दुबळा पडत असावा, हे अनुमान सयुक्तिक आहे. रुग्ण सांगतात तेही याला जुळते : “अन्न नकोसे वाटत नाही, पण दोन घासांतच पुरे वाटते.”

दुसरे कारण चव. सोड्याचा झणझणाट जिभेला कळतो तो कार्बॉनिक अॅनहायड्रेजच्या एका प्रकारामुळे. जिभेवरील आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर तो असतो. औषधाने हे विकर मंदावले की सोडा आणि थंड पेये बेचव लागतात. गोड पेयांची सवय असणाऱ्याचे खाणे त्यामुळेही थोडे घटते.

तिसरे कारण चरबीचा कारखाना. जेवणातली जास्तीची शक्ती शरीर चरबीच्या रूपाने साठविते. ती चरबी तयार करताना बायकार्बोनेट लागते, आणि ते पुरविण्यात पेशीतील कार्बॉनिक अॅनहायड्रेजचा वाटा असतो. हे विकर मंदावल्याने चरबी बनण्याचा वेग कमी होत असावा, असे प्रयोगशाळेतील काम सुचविते. उंदरांवरील प्रयोगांत औषधाने खाणे कमी झाले आणि खाल्लेल्यापैकी साठवणही कमी झाली. माणसांत यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याचा निवाडा अजून झालेला नाही; परंतु कमी खाणे हे आरंभीचे मोठे कारण आहे, असे दिसते.

आता तराजूकडे वळू. स्वीडनमधील योटेबोर्ग येथे एलिनोर बेन-मेनाखेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोपिरामेट घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांची वर्षभर मोजणी करून ती २००३ साली प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी सरासरी ३ किलो आणि वर्षाअखेर सरासरी ५.९ किलो वजन उतरले. जे मुळात स्थूल होते त्यांचे वर्षात १०.९ किलो उतरले. घटीचा बहुतांश भाग चरबीचा होता. त्याच वर्षी अमेरिकेत साठ स्थूल व्यक्तींवर झोनिसामाइडचा प्रयोग प्रसिद्ध झाला : सोळा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे ५.९ किलो, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे ०.९ किलो वजन कमी झाले.

वर्षाला सहा किलो हा आकडा ऐकून माणूस उपाशीच राहिला असेल असे वाटते. एक ढोबळ हिशेब करू. एक किलो शरीरचरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ५.९ किलो सगळी चरबीच मानली तर होतात सुमारे ४५,०००. त्यांना ३६५ ने भागले की दिवसाला सव्वाशे कॅलरी येतात. म्हणजे ताटातली जेमतेम एक पोळी. घरात सहा माणसांच्या पंगतीत एकाने रोज एक पोळी कमी खाल्ली तर आईच्याही लक्षात येत नाही. वर्षाअखेर मात्र सदरा अंगावर लोंबू लागतो. माझ्या रुग्णाच्या घरचे शपथेवर सांगत होते, “पोरगं जेवतं बरोबर.” ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी पोळ्या मोजल्या नव्हत्या, आणि मी वजन मोजले नव्हते.

बारीक अंगाचा प्रश्न

आता आपल्याकडची एक विशेष गोष्ट. पाश्चात्त्य देशांतील आकडे धष्टपुष्ट माणसांचे असतात. आपल्या माणसाला ते लावताना पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम स्मरावे. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा त्यांनी १९९३ पासून केलेला अभ्यास जगभर वाखाणला गेला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेतचे छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून चरबीचा असू शकतो आणि त्याचे स्नायू कमी असू शकतात, हा त्याचा अर्थ.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. सुखवस्तू माणसाच्या पोटावरची चरबी थोडी उतरली तर साखर आणि रक्तदाब यांना लाभ होऊ शकतो. उलट, उन्हात राबणारा, मुळातच कृश असलेला तरुण सहा किलो हरवून बसला तर त्यात स्नायूही जाण्याची भीती असते, आणि स्नायू हेच तर त्याचे भांडवल. सहा किलोंचा अर्थ दोन माणसांत सारखा नसतो.

‘बारीक होण्याची गोळी’

वहिनींच्या प्रश्नाचेही उत्तर दिले पाहिजे. वजन घटविण्याचा गुण पाहून टोपिरामेटचे स्थूलतेवर प्रयोग झाले. पुढे फेन्टरमिन या भूक मारणाऱ्या औषधाशी त्याची जोडी करून अमेरिकेत २०१२ साली स्थूलतेसाठी मान्यता मिळाली. त्यापूर्वी सुमारे अडीच हजार स्थूल व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात ५६ आठवड्यांनंतर खोट्या गोळीने १.४ किलो, तर जोडीच्या कमी-अधिक मात्रेने ८.१ आणि १०.२ किलो वजन उतरले होते. मात्र युरोपच्या नियामकांनी हृदय आणि मन यांवरील दीर्घकालीन परिणामांच्या शंकेवरून तीच जोडी नाकारली. एकाच पुराव्यावरून दोन जाणत्या पंचांनी दोन निवाडे दिले. अशा औषधाचा निर्णय शेजारणीच्या डबीतून होऊ नये, एवढे तरी यातून निश्चित होते.

कारण गोळी वजनापाशी थांबत नाही. हातापायांना मुंग्या येतात. बोलताना नेमका शब्द आठवत नाही आणि विचार मंदावतात. परीक्षेच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याच्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. रक्तातील आम्लता वाढू शकते, मूत्रखडे होऊ शकतात; म्हणून पाणी भरपूर प्यावे. काहींचा, विशेषतः मुलांचा, घाम कमी होतो, आणि निमाडच्या मे महिन्यात घाम न येणे हा मोठाच धोका आहे. क्वचित डोळ्यांत अचानक दाब वाढून दृष्टी अंधुक होते. असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले पाहिजे.

गर्भवतीने हे औषध घेतल्यास बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याची आणि त्याचे वजन कमी भरण्याची शक्यता वाढते. २०२३ साली युरोपमध्ये स्त्रियांसाठी त्यावर अधिक कडक निर्बंध घालण्यात आले. लग्नाच्या वयाच्या मुलीला औषध देताना ही गोष्ट आईवडिलांसमोर आणि मुख्य म्हणजे मुलीसमोर बोलली गेलीच पाहिजे. ती बोलली जात नाही, कारण आजारच लपविलेला असतो. या लपवालपवीला एके काळी कायद्याचेही निमित्त होते : १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराच्या वारंवार झटक्यांना विवाहातील अडसर ठरविणारे शब्द होते. १९९९ साली ते काढून टाकण्यात आले. कायद्याने वाट मोकळी केली, पण आमच्या घरांतील कवाडे अजून अर्धी बंद आहेत. लपविलेला आजार म्हणजे लपवून घेतलेली गोळी, आणि लपवून घेतलेली गोळी सासरी पहिल्याच आठवड्यात चुकते.

मग करावे काय?

औषध सुरू करण्याच्या दिवशी वजन मोजून वहीत लिहावे आणि पुढे दर महिन्याला, त्याच काट्यावर, मोजत राहावे. किराणा दुकानातला धान्याचा मोठा काटाही चालेल, नियम महत्त्वाचा. मात्रा थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवितात. ती घाईने वाढवू नये. वजन उतरू लागले तर डॉक्टरांना कळवावे; मात्रा कमी करणे, औषध बदलणे, आहारात दूध, डाळ, शेंगदाणे, तेल वाढविणे असे अनेक मार्ग असतात. गोळी मनाने एकदम बंद करणे हा त्यांतला मार्ग नव्हे. दाबून धरलेली स्प्रिंग अचानक सोडल्यासारखे ते होते, आणि उसळलेले झटके पूर्वीपेक्षा भयंकर असू शकतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वजन घटले की दोष गोळीचाच, असेही धरून चालू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. क्षयाची भीती आपल्या जिल्ह्याला परकी नाही. १९४८ साली कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले ते याच रोगापायी. त्या तरुणाच्या घरच्यांची शंका वेडगळ नव्हती. शंका आल्यावर त्यांनी तपासणी आधी करावी आणि गोळी चालू ठेवावी, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्याचे काम माझे होते.

तो तरुण पुढे दुसऱ्या औषधावर स्थिरावला. वजन वर्षभरात परत आले. आज तो दोन मुलांचा बाप आहे आणि विहिरीला त्याने कठडा बांधून घेतला आहे. मीही माझ्या दवाखान्यात एक बदल केला. वजनाचा काटा पूर्वी कोपऱ्यात पडद्यामागे असे; तो आता दाराशीच ठेवला आहे. आत येणारा प्रत्येक जण आधी त्यावर उभा राहतो आणि मग माझ्यासमोर बसतो.

गुरुजी असते तर त्यांनी या व्याख्यानाला किती गुण दिले असते, कोण जाणे. परंतु त्या काट्याकडे त्यांनी नक्की एकदा पाहिले असते.